लिटरभर लघवी, सहा तास वीज

आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड परवा पुन्हा आला. चार नायजेरियन मुली, एक जनरेटर आणि ‘एक लिटर लघवीत सहा तास वीज’. खाली टाळ्यांची रांग. मीही अंगठा उमटवणार होतो, पण अकरावीला रसायनशास्त्र शिकवतो, खोड जात नाही.

प्रसंग खरा आहे. २०१२ची मेकर फेअर आफ्रिका, म्हणजे स्वतः बनवलेल्या वस्तूंचं प्रदर्शन, नायजेरियातल्या लागोस शहरात. मुली १४-१५ वर्षांच्या. तिकडे वीज कधी जाईल नेम नाही, म्हणून दारोदार पेट्रोलचे जनरेटर. सगळ्यात छोट्याला लोक ‘आय बेटर पास माय नेबर’ म्हणतात, म्हणजे शेजाऱ्यापेक्षा माझं बरं! (आपल्या गल्लीतही हे नाव खपलं असतं.) त्याचा धूर बंद घरात जीव घेतो. मुलींनी हात घातला तो खऱ्या दुखण्याला.

त्यांची कल्पना अशी: लघवीतून विजेने हायड्रोजन वायू काढायचा आणि त्यावर जनरेटर चालवायचा. आता हिशेब. हा हायड्रोजन येतो तो मुख्यतः युरियातून. लिटरभर लघवीत युरिया साधारण २० ग्रॅम. सगळा फोडला तरी हायड्रोजन फार तर २ ग्रॅम. छोट्या जनरेटरमधून त्याची वीज १०-१५ वॉट-तास, म्हणजे १० वॉटचा एलईडी तास-दीड तास. आणि युरिया फोडायलाच आधी वीज लागते, कागदावरसुद्धा २० वॉट-तास. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

मुलींवर राग नाहीच. राग आहे तो फोटो काढून निघून गेलेल्या मोठ्यांवर. सांडपाणी साफ करता करता वर हायड्रोजन मिळवायचा, यावर अमेरिकेत तेव्हा खरंच काम चालू होतं. कुणी शेजारी बसून आकडेमोड केली असती तर पोरी तिकडे वळल्या असत्या.

त्याच वर्षी स्वाझीलँडच्या (आताचं इस्वातिनी) दोन १४ वर्षांच्या मुलांनी टाकाऊ खोकी, लाकडाचा भुसा आणि कोंबडीखत वापरून मातीविना भाजी पिकवली. गुगल सायन्स फेअरमध्ये त्यांना ‘सायन्स इन अ‍ॅक्शन’ पुरस्कार मिळाला: ५०,००० डॉलर आणि वर्षभराचं मार्गदर्शन. माझ्या लेखी डॉलरपेक्षा ते वर्ष मोठं. मी स्वतः तालुक्याच्या प्रदर्शनात परीक्षक असतो. एका मॉडेलला तीन मिनिटं, मग ढाल, फोटो, वडापाव. पुढे त्या पोराचं काय झालं, मी एकदाही विचारलेलं नाही.

ग्रुपवर हिशेब टाकला. एका सरांचं लगेच उत्तर, “अहो सर, कौतुक करायला काय जातं?”

दोनदा उत्तर लिहून खोडलंय.