‘मशीनच तर भाजतं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया शांतपणे वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कॉफीची चव शेतकरी घडवतो आणि भाजतं मशीन. संगणकात एकदा प्रोफाइल, म्हणजे भाजताना तापमान कसं वाढवायचं याचा आराखडा, भरलं की भाजणाऱ्याला पोती उचलण्यापलीकडे काम उरत नाही. आणि पाकिटावरचे ‘जर्दाळू, चमेली’ हे शब्द म्हणजे भाव वाढवायची युक्ती. तुम्ही तळमळीने लिहिलंय, म्हणून मीही, कॉफी भाजणारी, जरा सविस्तर लिहिते.

शेतकऱ्याबद्दल तुम्ही म्हणता ते मला मान्यच आहे. बीमध्ये जे नाही ते भाजणाऱ्याला घालता येत नाही. कच्चं फळ तोडलं गेलं, तर त्यातली बी कितीही नीट भाजा, फिकटच राहते आणि कपात कागदासारखी कोरडी लागते. हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या मालात अशा बिया सहसा ओळखू येत नाहीत, त्यामुळे भाजून झाल्यावर ट्रेमध्ये पसरून एकेक वेचून काढाव्या लागतात. मान भरून येते, डोळे शिणतात, पण बॅचमध्ये (एका वेळी भाजलेल्या घाण्यात) राहिलेल्या मूठभर बियासुद्धा कप बिघडवतात.

‘मशीन भाजतं’ हे मात्र मला अजिबात पटत नाही. मशीन तापमानाची रेघ हुबेहूब पुन्हा काढून देतं. चव त्या रेघेत बसत नाही. ड्रममधला सेन्सर बियांचं आणि गरम हवेचं मिळून तापमान दाखवतो. बीच्या पोटात काय चाललंय ते त्याला कळत नाही. हिरव्या बीत साधारण 10 ते 12 टक्के ओलावा असतो, आणि साठवणुकीत तो बदलत राहतो. सकाळच्या पहिल्या बॅचला ड्रमचं लोखंड पुरतं तापलेलं नसतं, दुपारपर्यंत ते उष्णता धरून बसलेलं असतं. धुराड्यात बियांचे सुटलेले पापुद्रे साचले की हवेचा ओढा कमी होतो. पडद्यावर रेघ तीच दिसते आणि कप वेगळा लागतो.

फर्स्ट क्रॅकच्या, म्हणजे बी पहिल्यांदा तडकण्याच्या आसपासचा वेळ बघा. बिया पिवळ्या पडतात, गवताचा वास जाऊन भाजक्या पावासारखा वास यायला लागतो, मग सेन्सरवर सुमारे 200 अंशांच्या आगेमागे पहिले टकटक आवाज येतात. आतल्या वाफेच्या दाबाने बी तडकत असते. बर्नर कमी करायचा तो हे आवाज येण्याआधीच. आवाज ऐकून हात हलवला तर उशीर झालेला असतो, उष्णता पुढे पळते. फार आधी कमी केला तर भाजणी रखडते आणि कॉफी सपक होते. पहिल्या आवाजापासून बिया थंड करायच्या ट्रेवर सोडेपर्यंत बऱ्याचदा जेमतेम दोन मिनिटं मिळतात. नळीने थोड्या बिया बाहेर काढायच्या, रंग बघायचा, वास घ्यायचा, परत आत ढकलायच्या. हे सगळं सॉफ्टवेअरवर सोपवता येतं, तेही मान्य. पण कुठे थांबायचं हे त्याला आधी कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते ठरतं कपिंगच्या, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने कॉफी चाखून पारखण्याच्या टेबलावर.

आमच्या कामाचा गाभा तिथे आहे. दर 150 मिलिलिटर पाण्याला 8.25 ग्रॅम पूड, पाणी 93 अंशांच्या जवळपास. चार मिनिटांनी वर तरंगणारा पुडीचा थर चमच्याने मोडायचा आणि त्याच क्षणी नाक वाटीशी न्यायचं. एकाच कॉफीच्या पाच वाट्या मांडतात, म्हणजे एखाद्या वाटीत खराब बी आली तर ती एकटी वेगळी लागते. 100 पैकी 80 गुणांची ‘स्पेशालिटी’ची, म्हणजे उच्च दर्जाच्या कॉफीची पायरी अशा टेबलावरच ठरली आहे. वाट्यांवर नावं नसतात, नुसते आकडे असतात, त्यामुळे आवडत्या शेताला झुकतं माप देता येत नाही. कप सांगतो की कालची भाजणी थोडी लांबली, मग आज त्याच प्रोफाइलमध्ये गॅसचा आकडा बदलायचा. पुढची पोती आली की परत पहिल्यापासून.

साफसफाईबद्दलही सांगायलाच हवं, कारण तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. पापुद्रे आणि तेलकट काजळी धुराड्यात साचली की आग लागू शकते. ताज्या भाजलेल्या बियांमधून कार्बन डायऑक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइडही निघतो, म्हणून बंद खोलीत साठा करून तिथेच काम करत बसणं धोक्याचं. स्क्रू काढून नळ्या घासणं हे भाजणाऱ्याचंच काम आहे आणि ते टाळणाऱ्याला मी भाजणारा म्हणणार नाही.

राहिले जर्दाळू आणि चमेली. काही पाकिटांवर हे शब्द सढळ हाताने वापरलेले असतात, तुमचा राग समजतो. पण बीमध्ये सायट्रिक आणि मॅलिक आम्लं खरोखरच असतात. भाजणी जितकी गडद, तितका त्यांचा अंश घटत जातो. म्हणूनच बेताने भाजलेल्या कॉफीत फळाची आंबटगोड छटा टिकते. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. एकाच शेतातली कॉफी, एक बेताने भाजलेली आणि एक गडद, दोन्ही घ्या. तीन कप करा, दोन एकीचे, एक दुसरीचा, आणि कुठला कुठे ते घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मांडू द्या. कोमट होईपर्यंत थांबा, मग चाखा. वेगळा कप कोणता आणि का वाटला ते इथेच लिहा, मी वाचेन.