फिजिक्स संपलं म्हणणाऱ्यांनी एकदा कॅट रोडने जावं

आमच्या इंदूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय: "2024 चं फिजिक्सचं नोबेल कॉम्प्युटरवाल्यांना, 2025 चं चाळीस वर्षं जुन्या प्रयोगाला. फिजिक्स संपलं. आपलं तर त्यात कोणीच नाही. मुलांना तिकडे घालू नका." दहावीतल्या माझ्या भाचीने तो वाचला आणि विषय कुठले घ्यायचे, हे बोलणंच सोडलं. म्हणून लिहितोय.

कॉम्प्युटरवाले? 2024 च्या दोन विजेत्यांपैकी जॉन हॉपफिल्ड मुळात भौतिकशास्त्रज्ञ. चुंबकीय पदार्थातले अणू शेजारच्या अणूंना कसे वळवतात, त्या गणितावर त्यांनी 1982 मध्ये आपलं कृत्रिम न्यूरॉन्सचं जाळं बेतलं. दुसरे विजेते जेफ्री हिंटन. त्यांच्या उदाहरणांवरून शिकणाऱ्या यंत्राला तर नावच बोल्टझमन या भौतिकशास्त्रज्ञाचं आहे.

प्रयोग जुना, हे खरं. अणूंच्या जगातले क्वांटम नियम हातात धरता येईल एवढ्या विद्युत मंडलातही चालतात, हे दाखवणारा तो प्रयोग क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांनी 1984-85 मध्ये केला. पण आजचे अतिसंवाहक क्युबिट, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचे मूळ घटक, त्याच कामावर उभे आहेत. आणि दर वेळी चाळीस वर्षं लागतात असंही नाही. अवकाशातल्या प्रचंड टकरींतून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी 2015 च्या सप्टेंबरात टिपल्या, नोबेल 2017 मध्ये मिळालं.

"आपलं कोणीच नाही" हे मात्र फार लागलं. नोबेल जास्तीत जास्त तिघांना मिळतं, राबणारे हजारो असतात. हिग्ज हा मूलकण 2012 मध्ये सापडला तो जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेच्या 27 किलोमीटरच्या बोगद्यात, जिथे प्रोटॉन एकमेकांवर आदळवतात. तिथला एकेक मुख्य चुंबक 15 मीटर लांब, 30 टनांच्या आसपास वजनाचा. प्रोटॉनांची वाट चुकू नये म्हणून हे धूड जागेवर अगदी नेमकं बसावं लागतं, केसाच्या जाडीइतकाही फरक चालत नाही. त्यासाठी प्रत्येकाखाली तीन जॅक आहेत. भारतातून असे सुमारे 6800 जॅक गेले, आणि त्यांचं डिझाइन झालं ते आपल्या इंदूरच्या कॅटमध्ये (सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी), म्हणजे आजच्या राजा रामण्णा संशोधन केंद्रात. सुखनिवासच्या बाजूला जाताना ज्याची भिंत आपण रोज बघतो, तिथे!

गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या शोधनिबंधातही संस्थांच्या यादीत इंदूरचं नाव आहे. आता हिंगोलीजवळ औंढ्याला लायगोची, म्हणजे त्या लहरी टिपणाऱ्या प्रकल्पाची, चार-चार किलोमीटरच्या भुजांची भारतीय वेधशाळा व्हायची आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्राने 2600 कोटी मंजूर केले, आणि ती उभारणाऱ्या संस्थांमध्ये कॅट आहे. माझी भाची कॉलेजातून बाहेर पडेल तेव्हा तिथे माणसं लागणारच आहेत.