अत्तण सिकंदराचा? मग हा ‘ण’ कुठून आला?

ढोल आणि सनईसारख्या सुर्ण्याच्या तालावर गोल फिरणारे, मानेला झटका देऊन लांब केस उडवणारे पुरुष. अत्तणचा असा व्हिडिओ आणि सोबत हमखास एक मजकूर: अफगाणिस्तान-पाकिस्तानातल्या पश्तुनांचा हा नाच सिकंदराच्या सैनिकांनी आणला, नाव अथेना देवीवरून पडले, बघा वर्तुळ, बघा वाद्ये, सगळे ग्रीकच. वाचायला मजा येते. टिकत मात्र नाही.

आधी नाव. ‘अथेना’ आणि ‘अत्तण’ कानाला जवळचे वाटतात, बस्स एवढेच. व्हॅटिकनची वाटिका करणारे आपल्याकडे कमी नाहीत, त्यातलाच प्रकार. पश्तो शब्दाच्या शेवटी आपला ‘ण’ आहे, स्पष्ट मूर्धन्य. ग्रीकमध्ये हा ध्वनीच नाही; पश्तोत तो घरचा आहे, सफरचंदालाही तिथे ‘मणा’ म्हणतात. उसन्या शब्दांचे उच्चार बदलतात, कबूल. पण मग ‘न’चा ‘ण’ का झाला, देवीचे नाव नाचाला कसे चिकटले, हे दाव्यात कुठेच नाही.

वर्तुळाचे काय? कुर्द, आर्मेनियन, बल्गेरियन सगळेच फेर धरतात. पालघरचा तारपा नाचही मग सिकंदराच्या खात्यावर टाकायचा का? शिवाय सिर्तोस या ग्रीक लोकनृत्यात नाचणारे एकमेकांचे हात धरून साखळी करतात. अत्तणमध्ये हात मोकळे. जो तो टाळी देतो, स्वतःभोवती गिरकी घेतो आणि लय चढत जाते. खोस्तचा अत्तण वेगळा, वर्दकचा वेगळा, वझिरीस्तानचा आणखी वेगळा. यातला ग्रीक कोणता?

वाद्यांच्या बाबतीत तर गंगा उलटीच वाहते. ग्रीसच्या लोकसंगीतात सुर्ण्याला ‘झुर्नास’ म्हणतात; हा शब्द तुर्कीतून तिथे गेला, आणि तुर्कीत आला फारसी ‘सुर्ना’वरून.

ग्रीक अफगाणिस्तानात होते, यात वाद नाही. सिकंदर त्या भागात इ. स. पू. 330 ते 327 मध्ये होता. तिथल्या आय खानूम या प्राचीन शहरात ग्रीक नाट्यगृह सापडले, कंदाहारला अशोकाचा ग्रीक-अरामी लेख आहे. पण ते आले म्हणून तिथल्यांना नाचता आले, हे कसे? झेनोफन हा लेखक ग्रीकच. इ. स. पू. 400 च्या एका मेजवानीत ढाली आपटत, बसत-उठत केलेला ‘पर्शियन’ नाच त्याने वर्णिला आहे. सिकंदराचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तो नाच म्हणजे अत्तण असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर मीही त्याच रांगेत बसेन.

आता ‘ग्रीक नाही, तर झरतुष्ट्री अग्निनृत्य’ म्हणणाऱ्यांसाठी थोडे. मुंबईतल्या कुठल्याही पारशी ओळखीच्याला विचारा, अग्यारीत आतशाभोवती नाचतात का. तो हसेल.