१८७३ला पीसमेकर आलं आणि जुनी रिव्हॉल्व्हर्स रातोरात भंगारात गेली? नाही, असं झालेलं नाही

जुन्या बंदुकांवरची एक पोस्ट गेले काही दिवस सगळीकडे फॉरवर्ड होतेय, बऱ्याच जणांनी वाचली असेल. तिच्यात थोडक्यात असं म्हटलंय की अमेरिकन बंदूकवाला सॅम्युअल कोल्ट याने १८७३ला पीसमेकर हे काडतुसाचं रिव्हॉल्व्हर काढलं आणि केपाची जुनी रिव्हॉल्व्हर्स रातोरात संपली, त्याआधी काडतूस वापरायची अक्कल कोणाला आली नव्हती, जुन्या रिव्हॉल्व्हरला काडतुसाचं करणं म्हणजे गरीब काउबॉयसाठी गावठी लोहाराने केलेला जुगाड, काडतूस आल्यावर ताकद दुप्पट झाली, आणि शेवटी सगळ्यात वाईट ओळ, की आजही नुसतं सिलिंडर बदललं की झालं आणि अँटिक असल्याने लायसन्स लागत नाही. यातला एकही मुद्दा बरोबर नाहीये. इतिहासाची चूक एकवेळ सोडून देता येईल पण शेवटच्या ओळीने कोणीतरी जेलमध्ये जाईल, नाहीतर हात गमावून बसेल, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

आधी केप म्हणजे काय ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ठासणीची बंदूक जशी पुढून भरतात तसंच हे रिव्हॉल्व्हर, फक्त सिलिंडरमध्ये पाच-सहा खण असतात. प्रत्येक खणात पुढून काळी दारू घालायची, वर शिशाची गोळी दाबून बसवायची, आणि मागच्या बाजूला प्रत्येक खणाला एक छोटी तोटी असते तिच्यावर तांब्याची केप चढवायची. दिवाळीत पोरं टिकल्या फोडतात तसाच प्रकार, हातोडी पडली की केप फुटते आणि ठिणगी तोटीतून आत दारूपर्यंत जाते. म्हणजे सिलिंडर मागून बंद असतं. आणि काडतूस, म्हणजे गोळी, दारू आणि ठिणगीचा मसाला एकाच टरफलात, वापरायचं तर सिलिंडर मागून आरपार उघडं लागतं. सगळी गोष्ट या एका फरकाभोवती फिरते.

पहिला मुद्दा, कोल्टने पीसमेकर काढलं. सॅम्युअल कोल्ट वारला १० जानेवारी १८६२ला. पीसमेकर आलं ते ११ वर्षांनी, त्याच्या कंपनीतून. त्यामागचं मुख्य डोकं विल्यम मेसन नावाच्या कंपनीतल्याच माणसाचं होतं, आणि त्याच्या जोडीला चार्ल्स रिचर्ड्स. या दोघांची नावं पोस्टमध्ये नाहीतच, आणि ती नसल्यामुळेच पुढची सगळी गोष्ट चुकलीय.

दुसरा मुद्दा, काडतुसाची अक्कल कोणाला नव्हती. इथे जरा थांबून वाचा कारण खरी मजा इथे आहे. फ्रान्समध्ये युजीन लफोशोने १८५४लाच धातूच्या पिनफायर (बाजूला छोटी पिन असलेल्या) काडतुसाचं रिव्हॉल्व्हर आणलं होतं, आणि १८५८ला फ्रेंच नौदलाने ते घेतलं सुद्धा. अमेरिकेत तर कोल्टच्याच कारखान्यात काम केलेल्या रोलिन व्हाइटने ३ एप्रिल १८५५ला पेटंट घेतलं, ज्यात सिलिंडरचे खण मागून आरपार पाडायची कल्पना होती. त्याचं स्वतःचं डिझाइन चालण्यासारखं नव्हतं, पण तो आरपार खणाचा एक हक्क त्याच्या नावावर होता. होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांना नेमकं तेच हवं होतं. १८५६ला त्यांनी व्हाइटशी करार केला, दर रिव्हॉल्व्हरमागे २५ सेंट रॉयल्टी, आणि अट अशी की कोणी पेटंट मोडलं तर कोर्टात लढायचं व्हाइटने, स्वतःच्या खर्चाने. १८५७ला त्यांचं मॉडेल वन आलं, सात गोळ्यांचं, .२२चं (हे आकडे म्हणजे गोळीची इंचातली साधारण जाडी), खिशात मावणारं.

आता बघा काय झालं. बाकी सगळ्या अमेरिकन कंपन्यांचे हात बांधले गेले. कोल्टला काडतूस कळत नव्हतं असं नाही, ते बनवायची कायद्याने मुभा नव्हती! सिव्हिल वॉरमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या यादवी युद्धात, रिव्हॉल्व्हर्स बहुतेक केपाचीच होती त्याचं एक मोठं कारण हे पेटंट आहे. एकट्या कोल्ट १८६० आर्मी मॉडेलची साधारण दोन लाख नग निघाली, त्यातली निम्म्याहून जास्त सरकारने घेतली. आणि त्याच युद्धात अमेरिकन सरकारने फ्रान्समधून हजारो लफोशो काडतुसाची रिव्हॉल्व्हर्स विकत आणली. म्हणजे घरच्या कंपनीला जे बनवता येत नव्हतं ते बाहेरून यायचं.

पेटंट संपलं एप्रिल १८६९ला. व्हाइटने मुदत वाढवून मागितली, ती मिळाली नाही, मग काँग्रेसने त्याच्यासाठी खास विधेयक मंजूर केलं आणि जानेवारी १८७०ला राष्ट्राध्यक्ष ग्रँटने ते व्हेटो केलं. ग्रँट स्वतः युद्धातला सेनापती, आणि लष्कराच्या शस्त्र विभागाचं म्हणणं होतं की या पेटंटमुळे युद्धात सरकारचं नुकसान झालं. व्हाइटचं मला वाईटही वाटतं, कारण रॉयल्टीचा बराच पैसा कोर्टकचेरीत गेला. पण सांगायचा मुद्दा हा की १८७३ हे वर्ष अकलेमुळे आलेलं नाही, पेटंटच्या तारखेमुळे आलेलं आहे.

ब्रिटनमध्ये हे अमेरिकन पेटंट लागू नव्हतं, तिथे काय झालं तेही बघा. ब्यूमाँट-अ‍ॅडम्स हे केपाचं रिव्हॉल्व्हर ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला असायचं, आपल्याकडे १८५७च्या उठावातही ते आलेलं आहे. त्याच जुन्या नगांना १८६८पासून .४५० काडतुसासाठी बदलून ब्रिटिश लष्कराने अधिकृतपणे वापरलं. म्हणजे पीसमेकरच्या पाच वर्षं आधी, आणि नवीन हत्यार विकत न घेता.

तिसरा मुद्दा, लोहाराचा जुगाड. हा मला सगळ्यात जास्त खटकला, कारण यात चांगल्या इंजिनिअर लोकांचं काम पुसून टाकलंय. तशी कामं सुट्या गनस्मिथनीही केली, ते नाकारत नाही, पण नावाजलेली कन्व्हर्जन्स, म्हणजे केपाची काडतुसाची केलेली रिव्हॉल्व्हर्स, कारखान्यातून निघालीत. पहिलं मोठं काम रेमिंग्टन या अमेरिकन कंपनीचं, १८६८ला, पेटंट चालू असतानाच. स्मिथ अँड वेसनला नगामागे एक डॉलर देऊन, रीतसर परवानगीने, सिनसिनाटीच्या किट्रेज या व्यापाऱ्यासाठी रेमिंग्टनने आपली ४,५७४ न्यू मॉडेल आर्मी रिव्हॉल्व्हर्स .४६ रिमफायरची (बुडाच्या कडेवर आपटलं की फुटणाऱ्या काडतुसाची) करून दिली. .४६चं काडतूस जाड, सहा बसेनात, म्हणून पाच खणांचं नवीन सिलिंडर केलं. याला जुगाड म्हणायचं?

कोल्टनेही त्याच वर्षी वेगळी वाट काढली. अलेक्झांडर थूअर नावाच्या त्यांच्या माणसाने १५ सप्टेंबर १८६८ला पेटंट घेतलं, ज्यात काडतूस मागून न घालता पुढूनच घालायचं, मागे निमुळतं होत गेलेलं. व्हाइटचा हक्क आरपार खणावर होता ना, मग आपण पुढूनच भरू! कल्पना हुशार होती पण वापरायला किचकट, बाजारात फार चालली नाही, साधारण पाच हजार झाली.

पेटंट संपल्यावर मग खरं काम सुरू झालं. रिचर्ड्सचं पेटंट २५ जुलै १८७१चं, मेसनचं २ जुलै १८७२चं. रिचर्ड्सच्या पद्धतीत सिलिंडरच्या मागे एक प्लेट यायची आणि फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटून ते फोडणारी सुई, त्या प्लेटमध्येच असायची, बाजूला काडतूस भरायला झाकण आणि रिकामं टरफल बाहेर ढकलायला नळीच्या कडेने दांडी. मेसनने ते सोपं केलं, पिन थेट हातोडीवर आणली, दांडी सुटसुटीत केली. अमेरिकन लष्कराने आपली बाराशेच्या आसपास १८६० आर्मी रिव्हॉल्व्हर्स रिचर्ड्स पद्धतीने बदलून घेतली, नौदलानेही आपली .३६ नेव्ही मॉडेल .३८ची करून घेतली. आता पीसमेकर हातात घ्या किंवा नुसता फोटो बघा: बाजूचं झाकण आहे, टरफल काढायची दांडी आहे, हातोडीवर पिन आहे. हे सगळं कन्व्हर्जनमधून आलंय. मधे १८७२चं ओपन टॉप मॉडेल होतं, ते लष्कराने नाकारलं कारण त्यांना सिलिंडरच्या वरून पट्टी असलेली मजबूत फ्रेम हवी होती, मेसनने ती दिली आणि ते झालं पीसमेकर. म्हणजे ज्याला पोस्ट जुगाड म्हणते ती पीसमेकरची आई आहे.

आणि रातोरात काही संपलं नाही. पीसमेकर आल्यावरही कोल्ट कन्व्हर्जन विकतच होती, कारण गोदामात जुने पार्ट पडलेले होते आणि गिऱ्हाइकाला स्वस्तात काडतुसाचं हत्यार मिळत होतं. रेमिंग्टन केपाची रिव्हॉल्व्हर्स १८७५पर्यंत बनवत होती. आणि दुकानापासून लांब राहणाऱ्या माणसाला सुटी दारू आणि शिसं परवडायचं, काडतूस संपलं की विकत आणायलाच लागायचं. मग चालू हत्यार कोण कशाला फेकून देईल?

चौथा मुद्दा, ताकद दुप्पट. नाही. १८४७चं कोल्ट वॉकर बघा, केपाचं, दोन किलोच्या वर वजन, खणात ६० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) आसपास काळी दारू मावायची. पीसमेकरच्या .४५ काडतुसात ती ४० ग्रेन. स्मिथ अँड वेसनचं .२२ तर त्यापुढे काहीच नाही. काडतुसाने मिळालं ते वेगळं, पटकन भरता येणं, पावसात दारू न भिजणं, घोड्यावर बसून केप चढवायची कसरत वाचणं. लढणाऱ्या माणसाला हे ताकदीपेक्षा मोठं होतं.

पाचवा मुद्दा, आज नुसतं सिलिंडर बदललं की झालं. इटलीत ब्रेशियाजवळ उबेर्ती, पिएत्ता वगैरे कंपन्या या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृती बनवतात, आणि अमेरिकेत त्यांच्यासाठी तयार कन्व्हर्जन सिलिंडर मिळतात हे खरं आहे. पण ती ठराविक मॉडेलसाठी असतात, स्टीलच्या फ्रेमसाठी असतात, आणि कमी दाबाच्या काडतुसांसाठीच असतात. पितळी फ्रेमवर ती लावायचीच नाहीत असं बनवणारेच सांगतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या अस्सल नगाची तर गोष्टच सोडा, तो लोखंड-पोलादाचा दर्जा काळ्या दारूसाठी होता, आजच्या दारूचा दाब त्याला झेपत नाही. शिवाय माप. जुन्या .३६ नेव्हीची नळी प्रत्यक्षात .३७५ इंचाच्या आसपास, आणि आजच्या .३८ स्पेशलची गोळी .३५७ची, ती त्या नळीतून सैल जाते. .३८ हा आकडा सुद्धा याच कन्व्हर्जनच्या काळातला उरलेला आहे, तेव्हा गोळी टरफलाएवढीच जाड असायची, पुढे गोळी टरफलाच्या आत गेली, बारीक झाली, आकडा मात्र तोच राहिला. त्यामुळे पेटीवरचा नंबर जुळला म्हणजे हत्यार सुरक्षित झालं असं समजू नका.

शेवटचा मुद्दा, लायसन्स. पोस्टमधली ही ओळ अमेरिकेतून उचललीय, तिथे १९६८च्या कायद्यात १८९८पर्यंत बनलेल्या जुन्या हत्यारांना आणि केपाच्या प्रतिकृतींना सूट आहे, आणि प्रतिकृतींची सूट सुद्धा काडतूस चालत नसेल तरच. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९चा. कलम ४५ मधली सूट फक्त अशा जुन्या किंवा मोडक्या हत्याराला आहे जे दुरुस्त करूनही चालणार नाही. आजोबांच्या पेटीतलं जे चालू शकतं ते त्या सुटीत बसत नाही. आणि कलम ५ मध्ये बनवणं, विकणं, दुरुस्त करणं याच्या रांगेतच ‘कन्व्हर्ट’ करणं आहे, लायसन्सशिवाय ते गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला शिक्षा किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. घरात असं काही सापडलं तर हात न लावता पोलीस स्टेशनला कळवा.

ज्यांनी ती पोस्ट पुढे पाठवलीय त्यांनी कोल्टचं नाव आणि रातोरातची गोष्ट दुरुस्त केली तर छानच, पण लायसन्सची ओळ आधी काढा, आजच.