खुर्चीतल्या सुईचा मेसेज पुन्हा फिरतोय

थिएटरात खुर्चीवर बसताना एका मुलीला काहीतरी टोचलं. पाहिलं तर सुई, आणि सोबत चिठ्ठी: एचआयव्हीच्या कुटुंबात तुमचं स्वागत. दुसऱ्याच दिवशी तपासणी केली, रिपोर्ट पॉझिटिव्ह. हा मेसेज तुम्हालाही कधी ना कधी आला असेल. हल्ली तो एकटा येत नाही, त्याला लांबलचक शेपूट असतं. अमुक कंपनीच्या कोल्ड्रिंकमध्ये एका बाधित कामगाराने आपलं रक्त मिसळलंय, काही आठवडे ते पिऊ नका. डास चावू देऊ नका. सलूनमध्ये जपून. एकदा लागण झाली की माणूस संपला. खरा इलाज झाडपाल्यात आहे, पण औषधकंपन्या तो दाबून ठेवतात. आणि शेवटी ठरलेलं, ‘दहा जणांना पाठवा’.

पाठवणारा बहुतेक वेळा काळजीपोटीच पाठवतो. त्यामुळे त्याची टर उडवण्यापेक्षा मेसेजमधलं एकेक विधान घेऊन तपासलेलं बरं.

आधी सुई. ही गोष्ट नवी नाही. 1990 च्या दशकाच्या अखेरीस आणि 2000 च्या सुमाराला ती ईमेलवरून फिरत होती आणि तेव्हा सुई फक्त खुर्चीत नव्हती, नाण्याच्या पब्लिक फोनमध्ये पैसे परत येतात त्या खाचेत आणि पेट्रोल पंपाच्या नळीच्या मुठीखालीही होती. पुढे लोक नाण्याचे फोन वापरेनासे झाले, तशी अफवेनेही ती जागा सोडली आणि खुर्ची धरून ठेवली. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेकडे त्या काळी इतक्या विचारणा झाल्या की तिला जाहीर उत्तर द्यावं लागलं. दवाखान्याबाहेर अशी सुई टोचून कोणाला एचआयव्ही झाल्याचं एकही प्रकरण आपल्याला ठाऊक नाही, असं तिने सांगितलं.

का नाही, हे समजून घ्यायला दवाखान्यातलेच आकडे पाहावेत. बाधित रुग्णाला टोचलेली सुई लगेच नर्सच्या किंवा डॉक्टरच्या हातात घुसली, म्हणजे रक्त ताजं, तरी लागण होण्याचं प्रमाण सुमारे 0.3 टक्के आहे. हजार जणांना टोचली तर साधारण तिघांना. त्यातही धोका वाढतो तो जखम खोल असेल, सुईवर रक्त दिसत असेल, ती रुग्णाच्या शिरेत गेलेली असेल किंवा रुग्णाचा आजार अगदी शेवटच्या टप्प्यात असेल तेव्हा. खुर्चीत तासन्‌तास पडलेल्या, सुकलेल्या, कपड्यातून घुसलेल्या सुईत यातलं काय उरतं? सिरिंजच्या आत रक्त ओलं राहिलं तर विषाणू काही दिवसही तग धरू शकतो, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. ते लपवायचं कारण नाही. पण तग धरणं वेगळं आणि लागण व्हायला पुरेल इतका विषाणू समोरच्याच्या रक्तात उतरणं वेगळं. सुईतून एचआयव्ही पसरतो तो एकच सिरिंज फिरवून नशा करणाऱ्यांमध्ये, किंवा न उकळलेली सुई एकापाठोपाठ एकाला टोचली जाते तिथे. त्याबद्दल मात्र हा मेसेज चकार शब्द काढत नाही.

मेसेजचं पितळ सगळ्यात आधी उघडं पडतं ते ‘दुसऱ्याच दिवशी रिपोर्ट पॉझिटिव्ह’ या वाक्यात. अशी कुठलीही तपासणी नाही. विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधणारी चाचणीसुद्धा लागणीनंतर साधारण 10 ते 33 दिवसांनी तो पकडते. शिरेतल्या रक्तावरच्या नव्या चाचण्यांना 18 ते 45 दिवस लागतात आणि नुसत्या प्रतिपिंडांवर, म्हणजे विषाणूशी लढायला शरीरानं तयार केलेल्या प्रथिनांवर, चालणाऱ्या चाचण्यांना 23 ते 90. त्या मुलीचा रिपोर्ट खरोखरच पॉझिटिव्ह आला असेल, तर लागण त्या खुर्चीच्या कितीतरी आधीची. याची दुसरी बाजू जास्त कामाची आहे. धोका पत्करल्यावर आठवडाभरात तपासणी करून ‘निगेटिव्ह आलं, सुटलो’ म्हणणंही तितकंच चुकीचं. मधले दिवस जाऊ द्यावे लागतात आणि पुन्हा तपासावं लागतं.

आता कोल्ड्रिंक. हा विषाणू शरीराबाहेर फार नाजूक असतो. हवा, पातळ होणं, शिजवण्याची उष्णता आणि पोटातलं आम्ल यांत त्याचा निभाव लागत नाही. बाटलीतल्या पेयातून किंवा कापलेल्या फळातून लागण झाल्याची नोंद नाही. यावर चौकस वाचक विचारेल, मग आईच्या दुधातून बाळाला कसा होतो? प्रश्न रास्त आहे. तिथे दूध थेट शरीरातून शरीरात जातं, त्यात विषाणू असतो, बाळाचं आतडं कोवळं असतं, आणि हे महिनोन्‌महिने, दिवसातून अनेकदा घडत राहतं. उपचार नसतील तर गरोदरपण, बाळंतपण आणि स्तनपान मिळून बाळाला लागण होण्याचं प्रमाण 15 ते 45 टक्के असतं; आईला आणि बाळाला वेळेवर औषधं मिळाली तर ते 5 टक्क्यांखाली आणता येतं. आईनं घास चावून बाळाला भरवल्यामुळे लागण झाल्याची अगदी मोजकी प्रकरणं नोंदली गेली आहेत, तीही हिरड्यांतलं रक्त घासात मिसळल्यानं. एका ताटात जेवणं, एकाच पेल्यातून पाणी पिणं, मिठी मारणं, एक संडास वापरणं यांतून एचआयव्ही होत नाही.

डासांचं एका दमात सांगता येईल. डास आपल्या अंगात सोडतो ती त्याची लाळ, आधीच्या माणसाचं रक्त नव्हे. एचआयव्ही डासाच्या पोटात वाढत नाही, पचून जातो. डासांमुळे हा रोग पसरला असता तर मलेरियासारखा तो लहान पोरांनाही सरसकट झाला असता. तसं कुठेही झालेलं नाही.

सलूनच्या बाबतीत मेसेजचा सल्ला बरोबर आहे, कारण चुकीचं. ब्लेड नवं हवंच, पण ते मुख्यतः हिपॅटायटिस बी या यकृत सुजवणाऱ्या विषाणूसाठी. तो विषाणू शरीराबाहेर निदान 7 दिवस जिवंत राहतो. बाधित रुग्णाची सुई टोचल्यावर लागण होण्याचा अंदाज दवाखान्यांत ढोबळमानानं असा सांगतात: हिपॅटायटिस बी 30 टक्क्यांपर्यंत, हिपॅटायटिस सी 3 आणि एचआयव्ही 0.3. बी वर लस आहे. एचआयव्हीच्या भीतीनं झोप उडालेल्या किती जणांनी ती घेतली असेल, देव जाणे.

आता ‘लागण झाली की माणूस संपला’. 1981 मध्ये पहिल्या रुग्णांची नोंद झाली तेव्हापासून पुढची दहा-पंधरा वर्षं हे बऱ्याच अंशी खरं होतं. 1996 च्या सुमाराला तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आली आणि चित्र पालटलं. बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सनने आपल्याला एचआयव्ही असल्याचं नोव्हेंबर 1991 मध्ये जाहीर केलं तेव्हा लोक त्याला जवळजवळ निरोप देऊन मोकळे झाले होते. त्यानंतर तीस वर्षं उलटली तरी तो धडधाकट होता, धंदेही उभे केले. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. लवकर निदान होऊन ती नियमित घेतली तर आयुष्य इतरांइतकंच लांबू शकतं. एचआयव्ही आणि एड्स एकच नव्हेत, हेही यातच आलं. एड्स ही उपचारांविना येणारी शेवटची अवस्था. सीडी4 या रोगाशी लढणाऱ्या पेशी रक्ताच्या घनमिलिमीटरमध्ये 200 च्या खाली गेल्या, किंवा दुबळ्या प्रतिकारशक्तीचा फायदा घेणारे ठरावीक आजार जडले, की तिला एड्स म्हणतात. बरेच जण तिथवर पोचतच नाहीत.

यापुढची गोष्ट अजूनही पुष्कळांच्या गळी उतरत नाही. औषधानं रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर त्या माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ‘पार्टनर’ नावाच्या युरोपातल्या अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. एक बाधित आणि एक निरोगी अशा 782 पुरुष जोडप्यांचे कंडोमशिवाय 76 हजारांवर संबंध त्यात मोजले गेले. त्या काळात 15 जणांना लागण झाली. विषाणूंचे जनुक ताडून पाहिल्यावर कळलं की त्यातली एकही जोडीदाराकडून आलेली नव्हती, सगळ्या बाहेरच्या. स्तनपान आणि सुया वाटून घेणं यांना मात्र हा नियम तसाच्या तसा लावता येत नाही. थोडक्यात, ज्याला आपण पॉझिटिव्ह म्हणून चार हात लांब ठेवतो त्याचा विषाणू गोळ्यांनी इतका दबला असेल तर त्याच्यापासून धोका जवळजवळ नाही. धोका आहे तो आजवर तपासणीच न केलेल्या, दिसायला ठणठणीत माणसापासून. साप समजून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. कारण असे मेसेज वाचून घाबरलेला माणूस पहिलं काय टाळतो, तर तपासणी.

झाडपाल्याचा प्रयोग एका देशानं मोठ्या प्रमाणावर करून पाहिलाय. दक्षिण आफ्रिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थाबो म्बेकी यांनी एड्स एचआयव्हीमुळे होतो यावरच शंका घेतली, त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, बीट, लिंबू सुचवत राहिल्या आणि औषधं लोकांपर्यंत उशिरा पोचली. 2000 ते 2005 या काळात त्यापायी 3 लाख 30 हजारांहून जास्त माणसं हकनाक गेली, असा हार्वर्डच्या संशोधकांचा अंदाज आहे. कंपन्या नफा कमावतात यात वाद नाही. त्यावर भांडावं, पण गोळी सोडून नव्हे.

राहता राहिला ‘सावध केलं तर बिघडलं काय’ हा युक्तिवाद. खरंच सावध करायचं असतं तर मेसेजमध्ये निदान पुढच्या चार ओळी असत्या. सुई टोचली तर जागा साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा, पिळत किंवा चोखत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रक्तातून किंवा असुरक्षित संबंधातून खरा धोका आला असेल तर 72 तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, प्रतिबंधक गोळ्या सुरू करता येतात आणि त्या 28 दिवस घ्यायच्या असतात. हिपॅटायटिस बी ची लस झाली आहे का तेही तिथेच सांगा, आणि फेरतपासणीची तारीख घेऊनच घरी या.