चादरीतले दोनशे पाच यार्ड

गच्चीवर नेट बांधून गोल्फचे फटके मारायचे, तर आधी हे बघा: क्रिकेटच्या नेटचं भोक साधारण ४५ ते ५० मिलिमीटरचं असतं आणि गोल्फच्या चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटर. हे दोन आकडे एकाखाली एक लिहून बघायचे कष्ट कोणी घेत नाही, म्हणून मे महिन्यात शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर संकट येतं. दुकानात नुसतं ‘नेट द्या’ म्हटलं की क्रिकेटचंच मिळतं. सोलापुरात दुसऱ्या कशासाठी कोण नेट मागतंय? आपल्याला भोक २५ मिलिमीटरच्या आतलं लागतं. आणि तेवढ्यावरही विसंबू नये. नेटच्या मागे हातभर अंतर सोडून सोलापुरी चादर टांगावी, दुहेरी. ताणून बांधायची नाही, हे फार महत्त्वाचं. ताणलेली चादर ढोलासारखी वागते आणि चेंडू आला तसा नडगीवर परत पाठवते. वरून बांधून खाली सैल सोडली की ती चेंडूला पोटात घेते, आणि चेंडू ‘धप्’ असा समजूतदार आवाज करून खाली घरंगळतो. या चादरीला भौगोलिक मानांकन आहे. त्यात या गुणाचा उल्लेख असायला हरकत नव्हती.

आता एवढा खटाटोप कशासाठी? तर जुना ड्रायव्हर बरा की नवा, एवढंच ठरवायचं असतं. ड्रायव्हर म्हणजे गोल्फच्या पिशवीतला सगळ्यात लांब दांड्याचा, सगळ्यात मोठ्या डोक्याचा क्लब. डोक्याचा आकार नियमाने ४६० घनसेंटिमीटरच्या वर जाऊ शकत नाही. फेसने, म्हणजे डोक्याच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूने, चेंडूला किती उसळी द्यावी यालाही मर्यादा आहे, आणि बड्या कंपन्या त्या मर्यादेला कधीच्या जाऊन टेकल्या आहेत. तरी दरवर्षी नवा ड्रायव्हर येतो आणि जाहिरातीत मागच्यापेक्षा लांब जातो. त्या सगळ्या जाहिरातींची बेरीज केली तर माझ्या गच्चीवरून मारलेला चेंडू एव्हाना हिपरग्याच्या तलावात पडायला हवा.

म्हणून मग लाँच मॉनिटर, म्हणजे चेंडूचा वेग, कोन आणि दिशा मोजून फोनवर दाखवणारं यंत्र. रडारवाला असेल तर तो चेंडूच्या मागे दोन-अडीच मीटरवर ठेवायचा, कॅमेऱ्यावाला असेल तर बाजूला. चेंडूपासून नेट किमान अडीच-तीन मीटर पुढे हवं, नाहीतर रडारला चेंडू नीट दिसायच्या आत तो चादरीत शिरलेला असतो. खोलीत हे जमत नाही. ड्रायव्हर मोकळा फिरवायला तीन मीटरच्या आसपास उंची लागते, आणि आपल्या घरांत त्या उंचीवर पंखा असतो. पंखा बंद असला तर क्लब त्यात अडकतो. चालू असला तर रडार फिरत्या पात्यांवरही लक्ष ठेवतं. शेवटी गच्चीच गाठावी लागते.

गच्चीला ढाळ असतो, हे पावसाळ्याखेरीज कोणाच्या लक्षात येत नाही. पाणी वाहून जावं म्हणून शंभराला एक असा उतार दिला, तर तो होतो साधारण ०.६ अंश. यंत्र स्वतःची पातळी स्वतः सुधारून घेणारं नसेल, तर चेंडू उडण्याच्या कोनात तेवढा फरक फुकटात पडतो, आणि ड्रायव्हरच्या बाबतीत अर्ध्या अंशावरून लोक भांडतात. पाणसळ लावून यंत्राखाली पुठ्ठ्याच्या चकत्या सारायच्या. दिशेसाठी गवंड्याची दोरी: चेंडूपासून नेटच्या मधोमध ताणायची आणि यंत्र तिच्या रेषेत बसवायचं. दोन अंशांची चूक झाली तर २०० यार्डांवर चेंडू ७ यार्ड बाजूला गेलेला दिसतो. नव्या ड्रायव्हरच्या आधी कोणाचा तरी पाय यंत्राला लागतो, आणि मग ‘हा जरा उजवीकडे जातो’ अशी त्याची कायमची बदनामी होते.

वेळ सकाळी साडेसहा ते साडेआठ. त्यानंतर सोलापूरचं ऊन कामाला लागतं. फोन तापून स्वतःच बंद पडतो, कॅमेऱ्यावालं यंत्र उन्हात गोंधळतं, आणि शहाबादी फरशीवर ठेवलेले चेंडू भाजक्या शेंगांसारखे गरम होतात. गरम चेंडूची उसळी बदलते, म्हणजे तुलनेत तिसराच भिडू आला. शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे; तिथे जानेवारीतल्या १६ अंशांच्या सकाळपेक्षा मेमधल्या ४२ अंशांच्या दुपारी हवा सुमारे ८ टक्के विरळ असते. अ‍ॅपमध्ये तापमान आणि उंची भरायची सोय असेल तर दोन्ही ड्रायव्हरना एकच आकडे भरा. जुन्याचे आकडे संक्रांतीचे आणि नव्याचे उन्हाळ्याचे, अशी तुलना करून पाकीट उघडणारे लोक आहेत. मी नावं घेत नाही.

पहिला फटका बसला की शेजारच्या गच्चीवरून हमखास आवाज येतो, “काय करलालाव ओ काका?”

“ड्रायव्हर तपासतोय.”

“किती लांब गेला?”

“दोनशे पाच यार्ड.”

“बॉल तर हितंच पडलाय की!”

यावर उत्तर आहे, पण ते द्यायला वीस मिनिटं लागतात. यंत्र चेंडूचा वेग मोजतं, उडण्याचा कोन मोजतं, दिशा मोजतं. बाकीचं बरंचसं गणित असतं. स्वस्त रडार यंत्रं स्पिन पुष्कळदा अंदाजाने काढतात. काहींना चेंडूवर धातूची टिकली चिकटवावी लागते किंवा खास खुणांचे चेंडू लागतात; त्याशिवाय नेटमधल्या तोकड्या उड्डाणात त्यांना चेंडूची फिरकी दिसत नाही. ‘कॅरी’ म्हणजे चेंडू हवेतून गेलेलं अंतर, तेही नेटमध्ये हिशेबानेच येतं. आणि ‘टोटल’ म्हणजे कॅरी अधिक जमिनीवरची घरंगळ, हा निव्वळ कल्पनाविलास. सॉफ्टवेअरच्या डोळ्यांसमोर हिरवळ असते. आपल्या सोलापूरच्या होम मैदानावर मे महिन्यात चेंडू पडला तर तो किती घरंगळेल, याची त्याला कल्पना नाही. टोटलचा रकाना झाकूनच ठेवावा.

माझा भरवसा सगळ्यात जास्त चेंडूच्या वेगावर. ताशी एक मैल वाढला की कॅरी साधारण दोन यार्डांनी वाढते, हा ठोकताळा पुरतो. त्याच्या शेजारी ‘स्मॅश फॅक्टर’ असतो: चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग. २०० ग्रॅमचं डोकं, ४६ ग्रॅमचा चेंडू आणि नियमातली कमाल उसळी ०.८३ धरून गणित मांडलं तर उत्तर १.४९ येतं. म्हणजे क्लब ताशी ९० मैलांनी, चांगल्या वेगवान गोलंदाजाच्या १४५ किलोमीटरच्या चेंडूइतका फिरला, तर गोल्फचा चेंडू १३३-१३४ मैलांनी सुटणार. पडद्यावर १.५६ दिसला तर पेढे वाटू नयेत. यंत्राने क्लबचा वेग कमी मोजलाय, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांना तुलना हवीच असते त्यांच्यासाठी ट्रॅकमॅन या लाँच मॉनिटर बनवणाऱ्या कंपनीने पूर्वी दिलेली अमेरिकेतल्या व्यावसायिक महिलांची सरासरी सांगतो: क्लब ९४ मैल, चेंडू १४० मैल, कोन १३.२ अंश, स्पिन मिनिटाला २६११ फेरे, कॅरी २१८ यार्ड. पुरुषांच्या आकड्यांकडे बघून गच्चीवरच्या माणसाने कंबर मोडून घेऊ नये.

खरी गंमत पुढे आहे. दोन ड्रायव्हरची तुलना करतोय असं आपण म्हणतो, पण हातात असतात दोन डोकी, दोन शाफ्ट म्हणजे दांडे, दोन ग्रिप आणि दोन लांब्या. आधी दोन्ही भिंतीला टेकवून लांबी बघा. एक ४५ इंच आणि दुसरा ४६ निघाला, तर नव्याचा वाढलेला वेग त्या इंचाचा असू शकतो, आणि विखुरलेले फटकेही त्याच इंचाचे. मग शाफ्टचं वजन. जुन्यात ६५ ग्रॅम, नव्यात ५० ग्रॅम, आणि श्रेय मात्र सगळं डोक्याच्या कार्बनला. एकच शाफ्ट दोन्ही डोक्यांत बसवून बघणं हा खरा उपाय, पण निरनिराळ्या कंपन्यांच्या स्लीव्ह, म्हणजे शाफ्ट डोक्यात अडकवायच्या नळ्या, एकमेकींत बसत नाहीत. सासर-माहेरच्या फोडणीच्या डब्यांची झाकणं जशी बसत नाहीत. बसल्याच, तर टॉर्कच्या पान्याने ‘कट्’ असा आवाज येईपर्यंतच पिळायचं. त्यानंतर आणखी अर्धा फेरा मारण्याची जी ऊर्मी येते ती सायकलच्या दुकानासाठी राखून ठेवावी.

डोक्यावर छापलेला १०.५ अंशांचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे कललेला कोन, हासुद्धा ब्रह्मवाक्य नव्हे. प्रत्यक्षात तो अंशभर इकडेतिकडे असू शकतो. स्लीव्ह फिरवून लॉफ्ट वाढवला की जमिनीवर टेकवलेला फेस किंचित बंद होतो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे झुकतो. म्हणजे एक आकडा दुरुस्त करायला गेलं की दुसरा हलतो.

चेंडू फेसवर नेमका कुठे लागतो हे कळल्याशिवाय बाकी आकडे वाचण्यात अर्थ नाही. घरातली टाल्कम पावडर कापसाच्या बोळ्याने फेसवर हलकेच फासा. चेंडू लागला की गोल ठसा उमटतो. टोकाकडे लागला तर वेग पडतो आणि चेंडू वळून आत येतो. खाली लागला तर कमी उडतो, जास्त फिरतो. मध्याच्या जरा वर लागला तर उंच उडतो आणि फिरकी घटते. आता एक ड्रायव्हर वरच्या अंगाला लागतोय आणि दुसरा खाली, तर हजारभर फेऱ्यांचा फरक टीच्या, म्हणजे चेंडू ठेवायच्या खुंटीच्या, उंचीचाही असू शकतो. चेंडू अर्धा डोक्याच्या वर दिसेल अशी टी ठेवा, आणि दोन्हींना तीच. पावडर लावलेल्या फटक्यांचा स्पिन मात्र हिशेबात धरू नका, पावडरीने घर्षण बदलतं. पाच फटके ठशांचे, मग फेस पुसून पुढचे मोजणीचे. गोल्फमध्ये क्लबच्या तोंडाला फेस म्हणतात. आपल्या तोंडाला तो तिसाव्या फटक्याच्या आसपास येतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी जुन्याने वीस आणि मग नव्याने वीस असं मारलं, तर दुसऱ्या वेळी अंग मोकळं झालेलं असतं किंवा मोडलेलं. पाच जुना, पाच नवा, पाच नवा, पाच जुना असं आलटूनपालटून घ्या. पडदा पालथा ठेवा. दर फटक्याला आकडा बघितला की पुढच्या फटक्यात माणूस आकड्याशीच कुस्ती खेळतो. फोन विमान मोडवर टाकून ब्लूटूथ तेवढं चालू ठेवा, नाहीतर ऐन भरात लग्नाच्या आमंत्रणाचा फोन येतो. आणि कोणते फटके बाद धरायचे ते आधी ठरवा, म्हणजे मधल्या आकड्याच्या ९२ टक्क्यांखाली वेग गेला तर बाद, जुन्याचाही आणि नव्याचाही. पैसे मोजून आणलेल्या ड्रायव्हरचे वाईट फटके ‘माझी चूक’ आणि जुन्याचे ‘त्याची चूक’ ठरतात, म्हणून हा नियम भिंतीवर लिहायचा.

एवढं करून समजा फरक आला ताशी एक मैलाचा. आपल्या फटक्याफटक्यातली चढउतार तीन मैलांची असेल, तर हा एक मैल खरा आहे असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणायला प्रत्येक ड्रायव्हरने किती फटके लागतात, ते संख्याशास्त्राला विचारून बघितलं. ७२. गोल्फच्या पूर्ण मैदानाचा पारही, म्हणजे एका फेरीतल्या अपेक्षित फटक्यांचा आकडाही, सहसा ७२ असतो. इथे तो गच्चीवर दोनदा भरायचा. एकशे चव्वेचाळीस फटके, तेही साडेआठच्या आत. त्यात नळाला पाणी यायचा दिवस असला तर सत्र अर्ध्यावरच संपतं.

ऊन पायऱ्यांपर्यंत उतरलं की चादरी काढायच्या. मधोमध चेंडूंचे गोल डाग असतात, एकावर एक पडलेले, त्यात जुन्याचा कुठला आणि नव्याचा कुठला ते कोणालाही सांगता येणार नाही. झटकून घडी घालून खाली नेल्या की घरात एकच प्रश्न होतो, त्या पाहुण्यांच्या चादरी नव्हत्या ना.