रात्रीचा नकाशा कोरा आहे म्हणून नाशिकची हवा स्वच्छ होत नाही

गेले काही दिवस नाशिकच्या वॉकवाल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. दोन नकाशे आहेत, दुपारच्या नकाशात नाशिकवर नायट्रोजन डायऑक्साइड या विषारी गॅसचा लाल डाग आणि रात्रीचा एकदम कोरा. खाली लिहिलंय की रात्री प्रदूषण शून्य, खुद्द सॅटेलाइटनेच दाखवलंय, विषारी हवा दुपारीच असते म्हणून पहाटे ४ ला फिरायला निघा. आमच्या अण्णांना दमा आहे, ते हे वाचून ऐन थंडीत पहाटे साडेचारला गंगापूर रोडला जायला लागले आणि चौथ्या दिवशी खोकल्याने बेजार झाले, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

आधी तो कोरा नकाशा. असे नकाशे बहुतेक ट्रोपोमी या यंत्राचे असतात. ते सेंटिनेल-५पी उपग्रहावर आहे, ऑक्टोबर २०१७ मध्ये सोडलेला, आणि आपल्यावरून रोज दुपारी दीडच्या आसपास जातो. हे यंत्र स्वतः प्रकाश टाकत नाही, सूर्याचा जो उजेड जमिनीवरून परत वर जातो त्यातला कुठला भाग गॅसने शोषला ते बघून गॅस किती ते काढतं. रात्री ऊनच नाही तर बघणार काय? कोरा म्हणजे मोजलंच नाही. मीटर रीडिंगवाला आला नाही म्हणून त्या महिन्यात वीज वापरलीच नाही असं कुणी म्हणतं का?

यावर ग्रुपात एकाने उत्तर दिलं की रात्री मोजणारेही उपग्रह आहेत आणि त्यांच्या नकाशात कार्बन मोनॉक्साइड रात्री कमी दिसतो. उपग्रह आहेत हे बरोबर. मेटॉप उपग्रहांवरचं आयासी हे यंत्र सकाळी साडेनऊ आणि रात्री साडेनऊ दोन्ही वेळा मोजतं, कारण ते उन्हावर नाही तर जमिनीतून आणि हवेतून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांवर चालतं. पण मेख तिथेच आहे. जमीन तापलेली आणि वरची हवा थंड असेल तर खालचा गॅस त्याला नीट कळतो. रात्री जमीन गार पडते, तिचं आणि लगतच्या हवेचं तापमान जवळजवळ एक होतं, मग गॅस जेवढी उष्णता शोषतो साधारण तेवढीच परत सोडतो आणि वरून बघणाऱ्याला फरकच दिसत नाही. म्हणजे रात्रीचा आकडा मुख्यतः काही किलोमीटर वरच्या हवेचा असतो, आपण श्वास घेतो त्या थराचा नाही, आणि खालच्या थरासाठी गणितात आधीपासून धरलेला अंदाजच पुढे येतो. दिवसरात्रीच्या आकड्यांतला बराचसा फरक हवेतला नसून यंत्राच्या नजरेतला आहे.

आता दुपारच्या लाल डागाचं, आणि मला हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उपग्रह जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेच्या अख्ख्या खांबातला गॅस मोजतो, नाकाशी किती आहे ते नाही. एक चमचा साखर पातेलंभर दुधात टाका नाहीतर कपभर दुधात, वरून साखर मोजणाऱ्याला आकडा एकच येणार, पिणाऱ्याला मात्र फरक लगेच कळतो. दुपारी ऊन तापलं की हवा खालीवर होते आणि धूर एक-दोन किलोमीटर उंचीपर्यंत पसरतो, थंडीच्या रात्री तोच थर शे-दोनशे मीटरवर येतो. दीड किलोमीटरमधला गॅस दीडशे मीटरमध्ये कोंबला तर नाकाशी दहापट होतो आणि उपग्रहाचा आकडा तसाच राहतो. थंडीत सकाळी सातला पांडवलेणी चढून खाली बघा, शेकोट्यांचा आणि गाड्यांचा धूर आडवा पसरलेला दिसतो, वर जातच नाही. निफाडकडे द्राक्षबागांत थंडीपासून माल वाचवायला शेतकरी रात्री धूर करतात तोही असाच रेंगाळतो.

मेसेजमधलं एक वाक्य अर्धं खरं आहे, ‘ऊन नसलं की गॅस तयार होत नाही’. ओझोनपुरतं ठीक, जमिनीजवळचा ओझोन उन्हातच बनतो आणि रात्री कमी होतो. पण नायट्रोजन डायऑक्साइडचं उलटं आहे, त्याला फोडतं ते ऊनच. रात्री ते काम बंद, शिवाय गाड्यांतून निघालेला नायट्रिक ऑक्साइड उरलासुरला ओझोन खाऊन आणखी नायट्रोजन डायऑक्साइड बनवतो. रात्री त्यातला काही भाग दुसऱ्या रूपात जातो हे खरं, पण शून्य वगैरे काही होत नाही. आणि दिवसासुद्धा सगळे तास सारखे नसतात, सियामाची हे जुनं यंत्र सकाळी दहाच्या सुमारास मोजायचं आणि ओएमआय दुपारी पावणेदोनला, तर मोठ्या शहरांवर बऱ्याच ठिकाणी सकाळचा आकडाच जास्त यायचा.

शिवाय दम्याच्या माणसाला खूप त्रास देणारी बारीक धूळ, पीएम २.५, ती या नकाशात नाहीच. ती बघायची तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवर शहरातल्या जमिनीवरच्या स्टेशनांचे तासातासाचे आकडे येतात, आपल्या भागाजवळचं स्टेशन उघडा आणि पहाटेचा आकडा दुपारी ४ च्या आकड्याशेजारी ठेवून बघा. अण्णांना मी तेच दाखवलं. ते आता ४ वाजता, ऊन असताना जातात, आणि ज्या काकांनी तो मेसेज टाकला होता त्यांनाही बरोबर घेऊन जातात.